समजून घ्या : मेचे ऊन सोसलेला कॅक्टस जुलैत का सडतो? कुंडीतल्या निवडुंगाचे दुखणे ओळखायचे कसे, वाचवायचे कसे?

छत्रपती संभाजीनगरात गच्चीवर, गॅलरीत आणि ऑफिसच्या टेबलावर कॅक्टस आणि सक्युलंट ठेवण्यामागे एक साधा हिशेब असतो. शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. रोज पाणी मागणारी जास्वंद किंवा तुळस जगवताना ओढाताण होते. त्यापेक्षा आठ-दहा दिवस विसरले तरी तगून राहणारे रोप बरे, असे वाटते.

मात्र ही रोपे मरतात ती बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने. मे महिन्यात चाळिशीपारचे ऊन सोसलेला कॅक्टस जुलै-ऑगस्टच्या झडीत आठवडाभरात बुडातून मऊ पडतो. ‘रोप सुकल्यासारखे दिसतेय’ म्हणून आणखी पाणी दिले जाते आणि उरलीसुरली आशाही संपते.

लक्षण एकच आणि कारणे दोन, हा या रोपांचा खरा घोळ आहे. तो सोडवायचा कसा, ते समजून घेऊ.

कॅक्टस आणि सक्युलंट यात फरक काय?

पान, खोड किंवा मुळात पाणी साठवणारी कोणतीही वनस्पती म्हणजे सक्युलंट. कोरफड, जेड, एकेव्हेरिया, हॅवर्थिया, ॲडेनियम ही सगळी सक्युलंट. कॅक्टस हे त्यातलेच एक कुळ. म्हणजे प्रत्येक कॅक्टस सक्युलंट असतो, पण प्रत्येक सक्युलंट कॅक्टस नसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे कापसाच्या छोट्या गादीसारख्या ठिपक्यातून निघतात. आपल्याकडच्या डोंगरांवर आणि बांधांवर दिसणारा थोर काटेरी आणि मांसल असला तरी तो कॅक्टस नाही. तो युफोर्बिया गटातला आहे. त्याला खरचटले की पांढरा चीक येतो. कॅक्टसचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. गावाकडे कुंपणाला दिसणारा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला पाहुणा.

हा फरक कामाचा आहे. युफोर्बियाचा चीक त्वचेची आग करतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते. त्याची छाटणी हातमोजे घालूनच करावी.

या रोपांची आणखी एक सवय लक्षात ठेवावी. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडतात. कॅक्टस आणि बरीचशी सक्युलंट ती रात्री गारव्यात उघडतात, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. रात्रीही उकाडा असेल तर ही देवघेव मंदावते आणि रोप वाढ थांबवून बसते. अशा वेळी मुळे पाणी फारसे उचलत नाहीत आणि दिलेले पाणी कुंडीतच राहते.

संभाजीनगरात अडचण नेमकी कुठे होते?

पहिली अडचण मातीची. मराठवाड्याची काळी माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. कुंडीत हाच गुण घातक ठरतो. पावसात ती चिखल होऊन मुळांची हवा बंद करते आणि उन्हाळ्यात ढेकूळ होऊन बारीक मुळे तोडते. डोंगरावरचा थोर मात्र कातळाच्या फटीत, मुरमात उभा असतो. पाऊस त्याच्यावरही पडतो, पण मुळांशी थांबत नाही.

दुसरी अडचण पावसाची. शहराचा वार्षिक पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. कोकणाच्या मानाने तो कमी आहे, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ढगाळ हवा, दमटपणा आणि ओली माती एकत्र आली की मुळे कुजवणाऱ्या बुरशीला आयते निमंत्रण मिळते.

तिसरी अडचण नर्सरीतून येताना सोबत आलेली असते. छोट्या प्लास्टिक कुंडीतले रोप अनेकदा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. ओले असताना ते बराच काळ पाणी सोडत नाही. पूर्ण वाळले की उलट पाणीच घेत नाही. वरून ओतलेले पाणी कडेने वाहून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

तळाशी खडीचा थर दिला तर निचरा होत नाही का?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहते. म्हणजे कुंडीच्या बुडाशी असणारा ओला पट्टा खडीमुळे वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. भिजवलेला स्पंज आडवा धरा. थोड्या वेळाने पाणी गळायचे थांबेल. तोच स्पंज उभा धरला की पुन्हा पाणी गळू लागते. त्याच न्यायाने बशीसारख्या उथळ कुंडीत मातीचा मोठा हिस्सा ओला राहतो. त्यामुळे खडी तळाशी न टाकता मातीत मिसळावी आणि कुंडीला भोक असावे. भोक नसलेली चिनी मातीची शोभेची वाटी हे या रोपांच्या मरणाचे नेहमीचे कारण आहे.

रोप सुरकुतले आहे. पाणी द्यायचे की थांबवायचे?

मुळांना पाणी मिळाले नाही तर रोप सुरकुतते. मुळे कुजली असतील तर भोवती पाणी असूनही ते उचलता येत नाही, म्हणून तेव्हाही रोप सुरकुततेच. नुसते पाहून फरक कळत नाही. त्यासाठी चार तपासण्या कराव्यात :

• काडी : अगरबत्तीची उलटी काडी किंवा बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत घालून दहा मिनिटांनी काढा. ओलसर किंवा माती चिकटलेली निघाली तर पाणी देऊ नका.

• वजन : पाणी दिल्यावर आणि पूर्ण कोरडी झाल्यावर कुंडी उचलून पाहण्याची सवय लावा. चार-सहा वेळांत हाताला अंदाज येतो.

• दाब : खोडाचा बुडखा हलकेच दाबा. सुरकुतलेला पण घट्ट असेल तर तहान. मऊ किंवा पाणचट लागला तर कूज.

• ओढ : रोप अलगद हलवा. माती न सोडता घट्ट बसले असेल तर मुळे शाबूत. सहज डुगडुगले किंवा हातात आले तर मुळे गेली.

तहानलेले रोप पाणी मिळाल्यावर दोन-चार दिवसांत टवटवीत होते. पाणी देऊनही ते तसेच राहिले तर दुसऱ्यांदा पाणी देऊ नका. रोप कुंडीतून काढून मुळे पाहा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, ताठ मुळे निरोगी. काळी, चुरगळणारी किंवा साल सुटून दोऱ्यासारखी उरलेली मुळे मेलेली.

बुड काळे पडले, मऊ झाले. काही करता येते का?

कूज मधल्या गाभ्यात किती वर चढली आहे, त्यावर ते अवलंबून आहे. इथे दिवस मोजायचे नसतात. त्याच दिवशी हात चालवावा लागतो.

१. रोप काढून सगळी माती झटका.

२. धारदार चाकू स्पिरिटने पुसून कुजलेला भाग कापा. प्रत्येक कापानंतर चाकू पुन्हा पुसा.

३. काप आत पूर्ण स्वच्छ, एकसारख्या रंगाचा दिसेपर्यंत वर सरका. मधोमध एक तपकिरी ठिपका राहिला तरी कूज पुन्हा चढते.

४. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावा. रोप सावलीत, हवेशीर जागी, मातीविना ठेवा. छोट्या कापाला साधारण आठवडा, जाड खोडाला दोन-तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहूनही जास्त.

५. काप कोरडा आणि टणक झाल्यावर कोरड्या, खडीदार मिश्रणावर ठेवा. मुळे फुटेपर्यंत जवळपास पाणी नको.

गोल कॅक्टस वरच्या टोकापर्यंत मऊ झाला असेल तर तो वाचत नाही. तो टाकून द्यावा. त्याची माती दुसऱ्या रोपाला वापरू नये. कुंडी धुऊन उन्हात तापवून घ्यावी. एकेव्हेरियाचे किंवा जेडचे खोड गेले तरी वरचे निरोगी पान किंवा फांदी बहुधा हाती लागते. ती वाळवून ठेवल्यास त्यातून नवे रोप उभे राहते.

अंगावर डाग पडले आहेत. प्रत्येक डाग म्हणजे रोग का?

नाही. चार प्रकारचे डाग वेगळे ओळखता येतात.

भाजल्याचा डाग : दुपारचे ऊन लागणाऱ्या एकाच बाजूला पांढुरका किंवा पिवळट चट्टा पडतो आणि पुढे तो तपकिरी, कोरडा होतो. नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप एप्रिलमध्ये थेट गच्चीवर ठेवले की हेच होते. डाग जात नाही, पण पसरतही नाही. नव्या रोपाला आधी आठवडाभर फक्त सकाळचे ऊन द्यावे, मग वेळ वाढवावा. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के सावलीची जाळी बहुतेकांना लागतेच.

वयाचा डाग : जुन्या कॅक्टसचे खोड बुडापासून वर हळूहळू लाकडासारखे तपकिरी आणि टणक होते. हा आजार नाही. नखाने दाबून पाहावे. टणक असेल तर निश्चिंत राहावे.

कोळीचा डाग : कोवळ्या शेंड्याकडून गंजासारखा करडा-तपकिरी थर पसरतो, कधी बारीक जाळेही दिसते. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत ती वाढते. पाण्याचा जोरदार फवारा मारून रोप धुवावे. गरज पडल्यास पाण्यात मिसळणारे गंधक पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी फवारावे. कडक उन्हाळ्यात गंधकाने रोप भाजते.

बुरशीचा डाग : ओलसर, काळा, कडेने पसरणारा. हा मात्र थांबत नाही. तो भाग कापून काढावा आणि रोप कोरड्या, हवेशीर जागी न्यावे.

रोप उंच, बारीक आणि फिकट होत चालले आहे?

हे उजेड कमी पडल्याचे लक्षण. गोल कॅक्टसला शेंड्यावर टोक येते, एकेव्हेरियाच्या पानांत अंतर पडते. ‘वाढ छान आहे’ असा समज होतो, पण ती उजेडाकडे धावण्याची धडपड असते. बारीक झालेला भाग नंतर जाड होत नाही. उजेड हळूहळू वाढवावा. सक्युलंटचा शेंडा कापून पुन्हा लावता येतो.

ट्यूबलाइटखालच्या टेबलावर कॅक्टस वर्षानुवर्षे राहत नाही. घरात ठेवायचेच असेल तर हॅवर्थिया किंवा स्नेक प्लांट निवडावे. तेही खिडकीजवळ. लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ म्हणजे दोन रोपांचे कलम असते. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसल्याने तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. तो काही वर्षांत गेला तर चूक आपलीच, असे समजू नये.

पांढरा कापूस दिसतोय. ही बुरशी की कीड?

सांध्यात, काट्यांच्या बुडाशी कापसाचे पुंजके दिसले तर तो बहुधा पिठ्या ढेकूण. सोबत मुंग्या असतील तर शंका उरत नाही, कारण त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी त्या येतात.

रोप वेगळे ठेवावे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका पुसावा. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन थेंब भांडी घासायचा द्रव साबण मिसळून सूर्यास्तानंतर फवारावे. दर आठवड्याला एकदा, असे तीन-चार आठवडे करावे. अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात, म्हणून एका फवारणीने काम भागत नाही. पांढरी लव किंवा भुकटी असलेल्या एकेव्हेरियावर तेल मारू नये, तिचा थर निघून जातो.

वर काहीच दिसत नसताना रोप वाढत नसेल तर कुंडीतून काढून पाहावे. मुळांवर पांढरी पूड दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. मुळे धुऊन, वाळवून, नव्या मिश्रणात लावणे हाच उपाय.

फड्या निवडुंगावरचा कापूस चिरडल्यावर गर्द लाल रंग आला तर ती कोचिनियल कीड. तिचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. लाल रंगासाठी ही कीड पाळता यावी म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलमधून ती भारतात आणली गेली. पण आलेली जात वेगळी निघाली. रंगाचा धंदा फसला आणि तिने निवडुंगाच्या एका जातीची दाट रानेच फस्त केली. तणावर कीड सोडून नियंत्रण करण्याच्या जगातल्या पहिल्या यशस्वी उदाहरणांत याची गणना होते. पुढे १९२६ मध्ये दुसरी जात दक्षिण भारतात मुद्दाम सोडण्यात आली. रान संपवणारी कीड कुंडीला सोडणार नाही. अशी पाने कापून पिशवीत बंद करून टाकावीत.

कोणते पाणी द्यावे? आरओचे वाया जाणारे पाणी चालेल?

नळाला पाणी नसते तेव्हा बोअर आणि टँकरवर भिस्त असते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर बसतो. मातीतला आम्लपणा कमी होऊन रोपाला लोह घेता येत नाही आणि नवी वाढ पिवळी पडते. त्यावर खत टाकल्याने क्षार आणखी वाढतात.

आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. फरशी पुसायला ते ठीक, कॅक्टसला नको. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असते. ते साठवून वापरता येते. सर्वांत उत्तम पावसाचे. पावसाळ्यात रोपे आडोशाला ठेवून पाणी पिंपात साठवले तर दोन्ही कामे होतात. जड पाणीच वापरावे लागत असेल तर वाढीच्या काळात कधीतरी पावसाच्या पाण्याने माती भरपूर धुऊन काढावी.

चमच्याने रोज थोडे पाणी देणे चुकीचे. द्यायचे तेव्हा खालून वाहीपर्यंत द्यावे, मग माती तळापर्यंत वाळल्याशिवाय देऊ नये.

माती कशी बनवावी?

एक सोपे प्रमाण :

• २ भाग धुतलेली, ३ ते ५ मिलिमीटरची बारीक खडी

• १ भाग विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट

• १ भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत

खडी आणि वीट चाळून पूड काढून टाकणे महत्त्वाचे. ही पूड सिमेंटसारखी बसते आणि सगळा निचरा बंद करते. काळी माती नको. कुंडी रोपापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीतली रिकामी माती ओलीच राहते. मातीची भाजलेली कुंडी कडेनेही वाळते, म्हणून नवख्यांना ती बरी. कुंडी बदलल्यावर जखमी मुळे सुकायला आठवडाभर पाणी देऊ नये.

पाने गळली म्हणजे रोप आजारी का?

नेहमी नाही. महाराष्ट्राचे स्वतःचे सक्युलंट असलेले शिवसुमन याचे चांगले उदाहरण आहे. शिवनेरीच्या कड्यांवर आणि सह्याद्रीच्या मोजक्या ठिकाणी आढळणारी ही दुर्मीळ वनस्पती पावसाळ्यात पाने आणि फुले धरते. कोरड्या दिवसांत पाने टाकून नुसत्या मांसल खोडावर तग धरते. ॲडेनियमही हिवाळ्यात पाने टाकते. खोड टणक असेल तर तो विश्रांतीचा काळ आहे. अशा वेळी दिलेले पाणी आणि खत मुळांना जड जाते.

ड्रॅगन फ्रूटच्या शेतकऱ्यांनी यातून काय घ्यावे?

ड्रॅगन फ्रूट हाही कॅक्टसच आणि इथे प्रश्न शोभेचा नसून लागवडीत घातलेल्या पैशाचा असतो. मात्र तो वाळवंटातला कॅक्टस नाही. मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारा तो वेल आहे. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात आणि त्याच भाजलेल्या जागेतून पावसाळ्यात खोडकुजीची बुरशी शिरते. म्हणजे पावसाळ्यातल्या रोगाची सुरुवात उन्हाळ्यातच झालेली असते.

उन्हाळ्यात जाळीची सावली किंवा केओलिनच्या पांढऱ्या फवाऱ्याचे संरक्षण, उंच गादीवाफे, बुडाशी पाणी न साचणे आणि रोगट फांद्या कापून शेताबाहेर नष्ट करणे, ही सूत्रे कुंडीसारखीच आहेत. बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने उथळ, मुरमाड जमिनीत या पिकावर काम केले आहे. औषध फवारण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवून घ्यावा.

वर्षभराचे वेळापत्रक कसे असावे?

• फेब्रुवारी-मार्च : कुंडी बदलण्याचा उत्तम काळ. पाणी हळूहळू वाढवा.

• एप्रिल-मे : दुपारी जाळी. पाणी संध्याकाळी, माती वाळल्यावरच. एकेव्हेरियाला कमी.

• जून-सप्टेंबर : वरून पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक, चारही बाजू मोकळ्या. कुंड्या विटांवर उचलून ठेवा. खाली बशी नको.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर : वाढीचा दुसरा हंगाम. कीड तपासा, हलके खत द्या.

• डिसेंबर-जानेवारी : भरपूर ऊन, पाणी अगदी कमी. ही कोरडी विश्रांती मिळाली नाही तर अनेक कॅक्टस उन्हाळ्यात फुलत नाहीत.

एवढे सगळे लक्षात ठेवायचे नसेल तर?

एकच नियम पाळावा. रोप बिघडलेले दिसले की पाण्याचा डबा, खताची पिशवी आणि औषधाची बाटली यांतले काहीही हातात घेण्याआधी कुंडीत काडी घालून पाहावी. ओली निघाली तर थांबावे. संशय राहिला तर रोप बाहेर काढून मुळे पाहावीत. कॅक्टस त्याने मरत नाही. आठवडाभर मातीबाहेर तो सहज राहू शकतो. ओल्या चिखलात मात्र तेवढे दिवसही काढत नाही.